दोन इंचांची बातमी

मास्तरांना इकडचं तिकडे करायची सवय नव्हती. निदान मास्तरांचं स्वतःविषयी तसं मत होतं, आणि ते मत ते मनात ठेवत नसत. "माझ्या दुकानात पडद्याआड लोक कपडे उतरवतात, पण मी आजवर कुणाची इज्जत उतरवली नाही," हे वाक्य त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने एकदा तरी ऐकलेलं असे. शिंप्याला माणसाचं पुष्कळ कळतं, हे खरंच आहे. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा एक खांदा उतरला, कोण माप देताना श्वास रोखून धरतो, सगळं टेप सांगते. मास्तर ऐकून घेत आणि गप्प बसत. म्हणजे, बसायचा प्रयत्न करत.

एके सकाळी त्यांचे भावोजी दुकानात आले. भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. दोन गल्ल्या सोडून त्यांची बेकरी होती. काखेत तीन पँटी घेऊन ते घाईघाईत आत शिरले.

"मास्तर, कमरेत राहतच नाहीत हो. पट्ट्याला भोकं पाडून थकलो. आत घ्या जरा."

मास्तरांनी कमरेभोवती टेप फिरवली, आकडा बघितला आणि पुन्हा फिरवली. पूर्ण दोन इंच कमी. आता, ही कंबर मास्तर ताईच्या लग्नापासून ओळखत होते. इतक्या वर्षांत ती दर वेळी उसवून सैल करावी लागली होती. आत घ्यायची वेळ पहिल्यांदाच येत होती.

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! भट्टीत पाव आहेत, येतो," म्हणत भावोजी पायऱ्या उतरूनही गेले.

हाक मारून आणखी एक प्रश्न विचारला असता, तर उत्तर मिळालं असतं. पण उत्तर मिळालं की तर्क करायची मजा जाते. मास्तर पँटीची शिवण उसवत तर्क करू लागले. समोर स्टुलावर कंपाउंडर बसला होता. चौकातल्या डॉक्टरांकडे तो औषधाच्या पुड्या बांधायचा. शर्टाचं तुटलेलं बटण लावून घ्यायला आला होता.

"आमचे भावोजी," मास्तर म्हणाले. "दोन इंच उतरले बघ." मग एक सुस्कारा टाकला. मग म्हणाले, "देव करो आणि तसलं काही नसो."

कंपाउंडरने मान हलवली. मास्तरांनीही हलवली. एवढंच झालं. आता याला कुणी चहाडी म्हणेल का? मास्तरांच्या हिशेबी ती प्रार्थना होती.

काही दिवसांनी मास्तर केस कापायला गेले. सलूनवाल्याने गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री हातात घेतली आणि कानाशी वाकून म्हणाला, "भावोजींचं कळलं. फार वाईट झालं हो."

"काय कळलं?"

"छातीचा आजार. तो... एकाचा दुसऱ्याला लागणारा. तुम्ही घरचे, तुम्हाला ठाऊक असणारच. काळजी करू नका, मी कुणाला बोलणार नाही." सलूनमध्ये त्या वेळी बाकावर चार माणसं बसली होती आणि चौघांनीही वर्तमानपत्रं खाली केली होती.

"पण तुम्हाला कोण म्हणालं?"

"अहो, थेट डॉक्टरांकडून आलंय. कुणा ऐऱ्यागैऱ्याने सांगितलेलं नाही."

मास्तरांच्या पोटात गोळा आला. पण खरं सांगायचं, तर गोळा दुसऱ्या नंबरावर आला. त्याच्या आधी आला तो अभिमान. बघा, डॉक्टरांना यंत्रं लावून जे कळलं, ते आपल्याला साध्या टेपने आधीच कळलं होतं! मग ताईचा संसार डोळ्यांपुढे आला, आणि मग तो गोळा. आपण माणूस म्हणून किती हलके आहोत हे जाणवून मास्तर खुर्चीत इतके चुळबुळले, की सलूनवाल्याने त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. डॉक्टरांकडून कळलंय, हे जोर देऊन सांगितलं.

"डॉक्टर तुम्हाला भेटले?" बायकोने विचारलं.

"मला कशाला भेटतील?"

"मग वन्संना विचारलंत?"

"अगं, असं तोंडावर कसं विचारायचं? बरं दिसतं का ते?"

मागून बोललेलं मात्र बरं दिसत असावं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर पाव आणायला नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. भावोजी पँटी न्यायला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांना चहा पाजला, भरल्या डोळ्यांनी "सांभाळून राहा" म्हणाले, आणि ते गेल्यावर दुकानामागच्या घरात जाऊन कप स्वतः विसळला. एकदा साध्या पाण्याने, एकदा उकळत्या. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला कप विसळताना बघून बायको मोरीच्या दाराशी उभी राहिली.

मग एक दिवस ताई तरातरा दुकानात आली. सलूनवाला आरशासमोर पँटचं माप देत उभा होता. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तू तरी सांग रे मला, काय चाललंय हे? पावाला गिऱ्हाईक येईना. आज वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा निरोप आला, की उद्यापासून पाव पाठवू नका. ह्यांना म्हणे कसलासा आजार आहे आणि हे पिठावर खोकतात!"

"मग... नाही का आजार?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"आजार डोंबलाचा! कणीक मळायचं मशीन बंद पडलंय. सगळं पीठ हातांनी मळतात. पोट जागेवर राहील का? मी तर म्हणत होते, बरं झालं, ढेरी तरी गेली." एवढं बोलून ताई स्टुलावर टेकली. "त्या वसतिगृहाच्या जिवावर नवं मशीन घेणार होतो रे. ते गिऱ्हाईकच तुटलं तर भट्टी विझवायची, आणि ह्या वयात ह्यांनी दुसऱ्याच्या बेकरीत हाताखाली राबायचं. तेवढंच बघायचं राहिलंय आता."

भावोजी धडधाकट आहेत हे ऐकून मास्तरांना रडू यायचं बाकी राहिलं. त्यांचं भावोजींवर प्रेम होतं, फक्त उकळत्या पाण्याइतक्या अंतरावरून होतं. आनंदापाठोपाठ संताप आला. "कुणी उठवलंय हे, ते मी शोधून काढतो. तू घरी जा. त्याची जीभ नाही शिवली, तर शिंप्याचं नाव लावणार नाही."

ताई निघता निघता थांबली. "आणि काय रे, तूसुद्धा इतक्यात पाव न्यायला आला नाहीस?"

"माझं जरा... पोट बरं नव्हतं."

सलूनवाला पँट तशीच अर्धी टाचलेली ठेवून निघाला. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, की बेकरीचा पाव खाऊन सख्ख्या मेहुण्याचं पोट बिघडलंय.

मास्तर तपासाला निघाले. तपास फार लांबला नाही. सलूनवाल्याने कंपाउंडरकडे बोट दाखवलं, आणि मास्तर छाती काढून दवाखान्यात शिरले.

"डॉक्टरांच्या नावावर माझ्या भावोजींची बदनामी करतोस?"

कंपाउंडर पुड्या बांधत होता. हात न थांबवता म्हणाला, "मी कुठे डॉक्टरांचं नाव घेतलं? मी एवढंच म्हटलं, की बेकरीवाले झपाट्याने वाळताहेत. आता मी दवाखान्यात बसतो, म्हणून लोकांना वाटलं डॉक्टर म्हणाले. त्याला मी काय करू?"

"पण वाळताहेत, हे तुला कुणी सांगितलं?"

आता मात्र कंपाउंडरचे हात थांबले. "मास्तर, तुम्हीच की! दोन इंच म्हणालात. वर 'तसलं काही नसो' म्हणालात. मी तर विचारलंही नव्हतं. मी बटणासाठी आलो होतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. मास्तर दवाखान्याच्या बाकावर बसले. शेजारच्या म्हातारबुवांनी त्यांना नंबर विचारला. पराचा कावळा सगळेच करतात, पण आपण केलेला कावळा फिरून आपल्याच खांद्यावर येऊन बसावा आणि आपण त्याला डॉक्टर समजून नमस्कार करावा, हे फक्त आपल्यालाच जमलं, असं मास्तरांच्या मनात आलं. जी जीभ शिवायची, ती आता फार लांब शोधायला नको होती.

ताईला त्यांनी सांगितलं, "दवाखान्यातून निघालंय ते." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. असल्या मधल्या मापाचे कपडे शिवण्यात मास्तरांचा हात चांगलाच बसला होता.

मग त्यांनी निस्तरायला घेतलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, की आमचे भावोजी ठणठणीत आहेत.

"असणारच," गिऱ्हाईक म्हणे. "घरचा माणूस दुसरं काय सांगणार?"

"अहो, मशीन बंद आहे म्हणून वजन उतरलं. पीठ हातांनी मळतात ते."

"हातांनी?" गिऱ्हाइकाचा चेहरा बदले. आतापर्यंत निदान मशीन तरी मध्ये आहे, असं त्याला वाटत असे.

एक नवी भाडेकरीण ब्लाउज टाकायला आली होती. तिने काहीच ऐकलेलं नव्हतं. "का हो, काय झालंय बेकरीवाल्यांना?" असं तिने विचारलं, म्हणून मास्तरांनी, त्यांना काहीही झालेलं नाही हे पटवायला, काय काय झाल्याचं लोक म्हणतात ते पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मास्तरांना नाक्यावरच्या दुकानात पाव घेताना दिसली. मास्तरही तिथे पावच घ्यायला गेले होते. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही.

शेवटी मास्तरांनीच युक्ती काढली. रेक्टरबाईंना एकदा बेकरीत बोलवायचं, चार लोक जमवायचे, आणि सगळ्यांसमोर मास्तरांनी भावोजींच्या हातचा पाव खायचा. ज्याचं पोट बिघडलं असं लोक म्हणतात, त्यानेच खाल्ला की तोंडं बंद. हात दाखवून अवलक्षण होईल, असं बायको म्हणाली. ताई मात्र म्हणाली, "ये. तूच ये."

ठरल्या दिवशी सकाळी बेकरीत बरीच माणसं आली. सलूनवाला आला, कंपाउंडर आला, ती भाडेकरीण आली. रेक्टरबाई काउंटरपाशी पर्स धरून उभ्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. "मुलींची जबाबदारी असते हो माझ्यावर," असं त्या ताईला दोनदा म्हणाल्या. भावोजींनी कोपरापर्यंत हात धुतले होते आणि स्वच्छ ॲप्रन बांधला होता. ट्रेमधला एक पाव उचलून त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवला. मास्तरांकडे बघून ते हसले. आपला मेहुणा आपल्यासाठी उभा राहिला, याचं त्यांना खरोखर कौतुक वाटत होतं.

आणि तेवढ्यात त्यांना ठसका लागला. पिठाचाच ठसका. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला लागतो तसा, एकदाच, बाजूला तोंड करून.

मास्तरांनी पाव तोंडाजवळ नेला होता. या माणसाला काहीही झालेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती बातमी कुठे जन्मली, कुणाच्या तोंडून जन्मली, तेव्हा समोर कोण बसलं होतं आणि कुठली पँट उसवली जात होती, सगळं ठाऊक होतं. तरी त्यांचा हात थांबला. तोंडापासून चार बोटांवर, नुसता एक श्वासभर थांबला. मग मास्तरांनी तो पाव घाईघाईने कोंबला, अर्धा एका घासात.

पण बेकरीत सगळ्यांनी बघितलं होतं. रेक्टरबाईंनी पर्स खांद्याला लावली.

"गरम आहे ना पाव, म्हणून थांबला तो!" ताई मोठ्याने म्हणाली.

रेक्टरबाईंनी ट्रेमधल्या पावाला बोट लावून बघितलं. पाव केव्हाचा निवला होता. "विचार करून कळवते," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या. त्यांच्यामागे सलूनवाला गेला, भाडेकरीण गेली. कंपाउंडरने जाताना मास्तरांकडे बघायचं टाळलं. भावोजी आत पिठाकडे निघून गेले.

मास्तर खात राहिले. पहिला संपवून त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. आता बघायला कुणी नव्हतं, तरी खात राहिले. पाव चांगला होता. इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"ताई," ते भरल्या तोंडाने म्हणाले, "ते माझ्याच दुकानातून निघालं. मीच बोललो होतो."

"ठाऊक आहे मला. तू दवाखान्यात गेलास, त्याच दिवशी कंपाउंडर येऊन सांगून गेला."

"मग मला कशाला उभं केलंस इथे, सगळ्यांसमोर?"

ताईने फडक्याने काउंटरवरचा चुरा गोळा केला. "ते खोटं आहे हे आमच्या घराबाहेर फक्त तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हटलं, तू तरी खाशील."