सोळा सेंटीमीटर कमी

मी एका डाव्या हाताची एक्स-रे फिल्म आहे. कालपासून मला काही सुचत नाहीये. माझ्या कोपऱ्यात नाव चिकटवलेलं होतं, लुआन शुफेन. तिचं आयुष्य माझ्या जिवावर उभं राहिलं, असं मी काल सकाळपर्यंत मानत होते.

दांदोंग शहरातल्या क्रीडाशाळेत अकरा वर्षांच्या मुलींच्या हाताची हाडं बघून सांगतात, ही पुढं किती वाढेल. मला बघून डॉक्टर म्हणाले, "एक मीटर शहाऐंशी." झालं, शुफेनला बास्केटबॉलला घेतलं.

ती एक सत्तरलाच थांबली. शाळेनं दूध पाजलं, बारला लोंबकळवलं, पण छे. तिचे कोच सगळ्यांदेखत म्हणायचे, "सरकारचे सोळा सेंटीमीटर खाल्लेस तू. कुठं ठेवलेस?" मलाही तिचाच राग यायचा. बिचारी लाजेपोटी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर. अशीच प्रांताच्या संघात चौदा वर्षं खेळली, कप्तान झाली, मग त्याच शाळेत कोच. आणि आता तीही हाडं बघून मुलींना घरी पाठवायची.

काल युए नावाची पोरगी आली. चेंडू असा पळवते की बघत राहावं. पण तिची फिल्म म्हणाली, एक बासष्ट.

"घेऊन जा हिला," शुफेन म्हणाली.

युएची आई बुटांच्या कारखान्यातली, हटेना. "लुआन कोच, हाडांचं काय घेऊन बसलात? ही जेवतानासुद्धा चेंडू मांडीवर घेते."

"हाडं खोटं बोलत नाहीत, बाई. माझ्या वेळीही कमी पडले ती मीच, हाडं नाही. माझीच दाखवते." तिनं मला कपाटातून काढून उजेडाच्या काचेवर लावलं.

शेजारी उभ्या शाळेच्या नव्या डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "कोच, लहानपणी करंगळी मोडली होती तुमची?"

"माझी? कधीच नाही."

"या हाताची मोडलीय. फिल्म काढली त्याच्या थोडीच आधी. हे बघा."

शुफेननं काचेजवळ वाकून करंगळी पाहिली. तिला आठवलं, एक्स-रेच्या रांगेत तिच्या मागं एक मुलगी होती, करंगळीला पट्टी बांधलेली. बुटकी राहशील म्हणून तिला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. दोघींच्या फिल्मवरच्या नावांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. मी हादरलेच. तीस वर्षं मी दुसऱ्याच पोरीचा हात होते!

मग शुफेननं युएचा अर्ज ओढून सही केली. "उद्या सहाला सरावाला आणा हिला." माझ्यावरचं स्वतःचं नाव तिनं नखानं खरवडून काढलं. तिथं दुसरं कुठलं लिहायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या पट्टीवाल्या मुलीला मीच सांगते. बाई, तू जिथं असशील तिथं दारातून वाकूनच जात असशील. त्या दिवशी तू रडत घरी गेलीस. तुझ्यात काहीच कमी नव्हतं गं.