खेकड्याचं चित्र

माझा थोरला भाऊ डॉड साठ वर्षं स्कॉटलंडमधल्या बकीच्या बंदरातून खेकडे धरायला जायचा. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात गेला, पण जीभ शाबूत राहिली. आज त्या जिभेचीच परीक्षा होती. वीसपैकी पंधरा चित्रं ओळखली तर घरी, नाहीतर वृद्धाश्रमात. वृद्धाश्रमाचं नाव काढल्यावर त्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

डॉक्टरीणबाई इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या, माझ्या नातीएवढ्या. त्यांनी खेकड्याचं चित्र धरलं.

“पार्टन,” डॉड म्हणाला.

बाईंनी फुली मारली. बेडकाला तो ‘पड्डक’ म्हणाला. फुली. चिमणीला ‘स्पर्गी’. पुन्हा फुली.

आता, आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरसुद्धा हेच म्हणतं. पण मी पडले मास्तरीण. पस्तीस वर्षं वर्गात असला शब्द कानावर आला, की पोराला उभं करून इंग्रजी शब्द दहादा म्हणायला लावायचे. त्यात डॉडचा मुलगाही होता. सवय कुठली मरते? फटकन बोलून गेले, “डॉड, नीट बोल!”

झालं. त्याने तोंड मिटलं. पुढची चार चित्रं तो नुसता बघत बसला.

कुठली अवदसा आठवली मला! म्हटलं, “अहो, तो बरोबरच सांगत होता. आमच्या स्कॉट्स भाषेत खेकड्याला तेच म्हणतात.”

“पण आता ते बोलतच नाहीत ना,” बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या गठ्ठ्यातून खेकडा परत उचलला, डॉडसमोर धरला आणि पन्नास वर्षांत जो शब्द तोंडातून काढला नव्हता तो काढला.

“पाऽटन.”

डॉडने माझ्याकडे बघितलं.

“‘र’ कुठे खाल्लास गं? शहरात विकून आलीस?”

“पार्टन,” मी पुन्हा म्हटलं.

“अशी बसून नाही. उभी राहा. दहादा.”

मी उभी राहिले. गुडघे दुखतात माझे, तरी राहिले. सहाव्या वेळी डोळे भरून आले. बाई खाली मान घालून फुल्या खोडत होत्या. डॉड बोटांवर मोजत होता, डाव्या हाताच्या.

“दहा,” तो म्हणाला. “बस आता. आणि पुढचं चित्र दाखव.”