अठरा दिवसांचे ठिपके

बायको गेली त्याला सात महिने झाले होते. एका रविवारी सकाळी तिची धाकटी बहीण दारात उभी. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. चप्पल न काढताच म्हणाली, "भावजी, ताईवर आळ आलाय."

आळ काय, ते सांगतो. माझी बायको पाण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली आणि तिने गच्चीवर छपराखाली दोन टाक्या मांडल्या. एक उघडी, आणि एकीत पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी चकत्या. चकत्या मीच काढून दिल्या होत्या. सदतीस वर्षं मी कारखान्यात लेथवर होतो. रोज सकाळी आठला टाकीच्या बाजूच्या काचेच्या नळीत पातळी बघायची, कालपासून किती मिलिमीटर पाणी उडालं ते लिहायचं, मग टाकीतल्या खिळ्याच्या टोकापर्यंत पुन्हा पाणी भरायचं. असं चार वर्षं. चकत्यांनी निम्मं पाणी वाचतं, हे तिने दाखवलं. दोघी बहिणींच्या नावाने एका संशोधन-मासिकाला पेपर पाठवला आणि ती गेली. आता मासिकाच्या परीक्षकाने विचारलं होतं, मधले अठरा दिवस निम्म्याऐवजी पाऊण पाणी कसं वाचलं? आकडे कुणी सोयीने बदलले आहेत का? दहा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर पेपर परत.

"सोयीने," मी म्हणालो. "लग्नात माझं वय दोन वर्षं कमी सांगितलं होतं. तिने आठवड्यात शोधलं आणि सगळ्यांदेखत दुरुस्त केलं."

"मला माहीत आहे हो. त्याला कुठे माहीत आहे?"

बायकोचा कॉम्प्युटर मी सात महिन्यांत उघडला नव्हता. धाकटीने फाइलवर दोनदा टिचकी मारली. मुदत संपली, असं उत्तर आलं. ज्या प्रोग्राममध्ये बायको आकडे ठेवायची, त्याची परवानगी दर वर्षी तिच्या जुन्या ऑफिसातून मिळायची. आता ती कोण मागणार? चार वर्षांच्या सकाळी त्या फाइलीत होत्या आणि दाराला कुलूप.

"थांबा," धाकटी म्हणाली आणि तिने दुसराच एक प्रोग्राम उतरवून घेतला. "हा फुकट आहे. आणि उघडा आहे. आत काय चालतं ते कुणालाही वाचता येतं. जगभरची माणसं आपापल्या वेळात बसून दुरुस्त करतात."

"म्हणजे गिअरबॉक्सचं झाकण काढून ठेवलेलं यंत्र."

"तसंच समजा. लगेच हात घालू नका."

बायकोची फाइल त्यात उघडेल असं मला वाटलं नव्हतं. पण कुणीतरी त्या जुन्या प्रोग्रामच्या फाइली वाचणारा तुकडा लिहून ठेवला होता.

"कुणी?"

"काय माहीत. त्याचीही कुणाची तरी फाइल अडकली असेल."

पडद्यावर आकडे उतरले. तारीख, उघडी टाकी, झाकलेली टाकी. चौदाशेच्या वर ओळी. धाकटीने आडव्या रेघेवर तारखा घेतल्या, उभ्या रेघेवर उडालेलं पाणी, आणि एक बटण दाबलं. ठिपक्यांच्या दोन लाटा उमटल्या. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, वरची उघड्या टाकीची, खालची झाकलेलीची. मी उभाच राहिलो. आजवर मी तिची वही पाहिली होती, हे पाहिलं नव्हतं.

"मला दे," मी म्हणालो आणि माउस घेतला.

"भावजी, हळू. लेथचं चाक नाही ते."

मी चित्र मोठं करत गेलो. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये ठिपक्यांचा एक घोळका रांगेतून निसटला होता. मोजले, अठरा. मी दोन्ही लाटा पुन्हा पाहिल्या आणि हात थांबला.

"धाकटे, दोन्ही सारख्याच उतरल्यात. वरची सहावरून चारवर, खालची तीनवरून एकवर. दोन्हीकडे दोनच. वर्कशॉपमध्ये सगळे नग सारखेच चुकले की आम्ही नग तपासत नाही. मापणारा तपासतो."

ठिपक्यावर बाण नेला की तारीख दिसायची. नऊ मार्च ते सव्वीस मार्च. ती पहिल्यांदा दवाखान्यात होती ते दिवस. रोज आठला मी गच्चीवरून तिला फोनवर आकडे सांगायचो आणि ती पलंगावर लिहून घ्यायची.

"मापणारा मी होतो," मी म्हणालो.

आम्ही जवळजवळ धावतच गच्चीवर गेलो. टाक्या कोरड्या पडल्या होत्या. बादल्यांनी थोडं पाणी भरलं. मी नळीसमोर वाकलो. "चोवीस." धाकटी वाकली. "बावीस." पुन्हा पाहिलं. तिचे बावीस, माझे चोवीस.

"तुम्ही कुठे बघता?"

"वरच्या कडेला."

"अहो, पाणी काचेला धरून कडेने वर चढतं. मधला खोलगट भाग वाचायचा. पातळी दोनने जास्त वाचली की उडालेलं पाणी दोनने कमी भरतं."

"आम्हाला शिकवलंय, नग सगळ्यात जाड असेल तिथलं माप धर. तिथे बसलं की सगळीकडे बसतं."

धाकटी ओल्या फरशीवर बसून हसायला लागली. हसता हसता रडली. "ताईने तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"पातळी बघा म्हणाली होती. पातळी कशी बघायची हे मला सांगावं लागेल, असं तिला वाटलं नसेल."

खाली येऊन तिने प्रोग्रामला एक ओळ लिहून दिली, त्या अठरा दिवसांत दोन मिळव. ठिपके उठले आणि रांगेत जाऊन बसले. बचत पुन्हा निम्मी. मी टेबलावर थाप मारली तशी बशी खाली पडली.

"हे अठरा काढूनच टाकू का?" धाकटीने विचारलं. "चौदाशेत कुणाला कळणार?"

"नाही. तिने कधी काढला नसता. मूळचेही दाखव, दुरुस्त केलेलेही दाखव. माझे ठिपके चौकोनी कर. खाली लिही, हे वाचणारा तिचा नवरा, त्याने वरची कड वाचली."

तिने तसंच लिहिलं आणि सोबत सगळी फाइल पाठवली. प्रोग्राम फुकटच होता, परीक्षकालाही उघडता येणार होती.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्याने आमची फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली होती, तेच ठिपके आले होते. आकड्यांबद्दल शंका उरलेली नाही, पेपर घेत आहोत. चौकोन तसेच ठेवा.

धाकटीने हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा आठ वाजायला आले होते. मी गच्चीवरच होतो. रविवारीच मी दोन्ही टाक्या खिळ्यापर्यंत भरून एकीत चकत्या सोडल्या होत्या आणि रोज भरत होतो.

"लिहून घे," मी म्हणालो. "उघडी सहा, झाकलेली तीन."

"कुठली कड, भावजी?"

"मधला खोलगट भाग," मी म्हणालो. "आता ठिपके गोल काढ."