लग्नातले गव्हले

आई गेल्यानंतर महिन्याने मी नाशिकहून दोह्याला भावाकडे आले. माझं मन रमावं म्हणून मिहीरने एका हॉटेलातल्या इटालियन स्वयंपाकाच्या वर्गात आमची नावं घातली.

शेफ रोझान्ना दक्षिण इटलीतल्या पुलियाची. तिने चाखायला दिलेली कडवट पाल्याची, भरपूर लसणाची भाजी मला मनापासून आवडली. मग भिजवलेल्या रव्याचे तुकडे अंगठ्याने दाबून ती छोट्या कानांसारखा पास्ता वळू लागली. माझी बोटं आपोआप चालू लागली. आई गव्हले वळायची, तशीच.

"तुम्ही हे आधी केलंय," ती इंग्रजीत म्हणाली.

मिहीर खुशीत म्हणाला, "आमच्याकडे लग्नात करतात. माझ्या लग्नात आईनेच केले होते."

"नव्हते केले," मी मराठीत म्हणाले. "गव्हल्यांच्या मुहूर्ताला सवाष्णी लागतात आणि आई विधवा. पाट मांडल्यावर तूच तिला म्हणालास, आई, तू जरा आत बस."

"ताई, इथे नको. सासूबाईंचा आग्रह होता."

"आग्रह त्यांचा. बोललास तू."

काय झालं, रोझान्नाने विचारलं.

"काही नाही, आईची आठवण निघाली," मिहीर म्हणाला.

"तिला खरं सांग. नाहीतर मी सांगते."

तो मान खाली घालून पीठ मळत राहिला. मी हात धुतले आणि आईचं नाव, सरोज, इथपासून सुरुवात करून इंग्रजीत सगळं सांगितलं. मिहीरला ते उभ्याने ऐकावं लागलं.