भागोजी हात वर करत नाहीत

शत्रूचा सेनापती काही केल्या शरण यायला तयार नव्हता.

फणसाच्या झाडाखाली निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो पायावर पाय टाकून बसला होता. अंगात नझीरचाचांनी कुवेतहून आणलेला खाकी कोट, डोक्यावर विनोदची कॉलेजातली एनसीसीची टोपी, आणि छातीवर शाळेच्या स्नेहसंमेलनात वाटलेले, पिनांनी टोचलेले तीन बिल्ले. खाली मात्र रोजचा पंचा, कारण चित्र कमरेपर्यंतच काढायचं होतं.

"आबा, एकदाच," तेजस्वी मोबाइल सरसावत म्हणाली. "हात वर करा नि चेहरा वायच पाडा. मी फोटो काढते, झालं काम."

"चेहरा पाडतो," भागोजी म्हणाले. "हात नाय."

आता हे भागोजी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून आत उतरलं की जी वाडी लागते, तिथले हे सगळ्यात वडीलधारे. वाडीत काहीही शुभकार्य असो, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते भागोजींनीच. ते 'बा देवा म्हाराजा' म्हणून एकेक मागणं मागत जाणार आणि मागे उभ्या वाडीने एका दमात 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं, ही रीत. माणूस मनाने लोण्याचा. पण माघार हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. एसटीच्या कंडक्टरशी, तलाठ्याशी, ग्रामपंचायतीशी, स्वतःच्या व्याह्याशी, सगळ्यांशी त्यांचं कधी ना कधी वाजलं होतं आणि एकदाही भागोजी मागे सरले नव्हते. त्यांची बायको सोनूबाई म्हणायची, "ह्यांच्याशी भांडून दमलं की मानूस आपणच चहा टाकतो."

असल्या माणसाला शत्रू करायची अवदसा तेजस्वीला आठवली, त्याला कारण तिची पेन्सिल. समोर खरा माणूस असल्याशिवाय ती पेन्सिल हलायचीच नाही. पोटासाठी तेजस्वी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका छापखान्यात आंब्याच्या पेट्यांवरची चित्रं काढायची. हिरवं पान, पिवळा आंबा, खाली बागायतदाराचं नाव. पण मनात लहानपणापासून एकच: आपली एक चित्रकथा, आपल्या नावाची, दुकानात टांगलेली. 'मोहीम खडककोट' तिने दोन पावसाळे काढत आणली होती. समुद्रातला एक कोट, आत शत्रू, आणि काळे मुखवटे घालून पाण्यातून आत शिरणारे आपले कमांडो.

कमांडो सगळे वाडीतलेच. म्होरक्या म्हणून नझीरचाचा, कारण आखातात राहून आल्यामुळे सोळा खिशांची विजार फक्त त्यांच्याकडे होती. तेजस्वीचा भाऊ विनोद तीन निरनिराळे कमांडो झाला होता. एकदा मिशी लावून, एकदा काढून, एकदा पाठमोरा. तटावर दोर टाकून चढणारी पाचवी कमांडो म्हणजे मासे विकणारी गंगुबाई. "मला कोणी वळखता कामा नये," अशी अट घालून तिने मुखवटा चढवला होता, आणि मग पावसच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने स्वतःच ते सांगून टाकलं. मुखवटे जुन्या छत्र्यांच्या कापडाचे होते. तट म्हणजे भागोजींच्या बागेचा गडगा, चिऱ्यावर चिरा रचलेला. त्याच्यावर चढताना गंगुबाईने दोन चिरे पाडले, त्यावरून भागोजी तिच्याशीही भांडले.

पुण्याच्या प्रकाशक सावित्रीबाईंना चित्रं पसंत पडली होती. पण शेवट वाचून त्यांचा फोन आला, आणि तेजस्वीच्या पायाखालची वाळू सरकली.

"अगं, शेवटच्या पानांवर नुसता धूर आहे," बाई म्हणाल्या. "धुरात सगळ्यांना काळे मुखवटे, शत्रूच्या शिपायांनासुद्धा. आपला कोण, त्यांचा कोण, मला कळेना, तर मुलांना काय कळणार? कमांडोंना तरी कसं कळतं? आणि तो सेनापती शेवटी शरण का येतो? पिस्तूल रोखलं म्हणून? पिस्तूल त्याच्याकडेही आहे की. सोमवारी मला यादी पक्की करायची आहे. शेवट जमला तर तुझं पुस्तक घेते. नाही तर या वर्षी राहू दे."

या वर्षी राहू दे म्हणजे काय, ते तेजस्वीला पक्कं ठाऊक होतं. मुंबईच्या मावशीने तिच्यासाठी एका जाहिरात कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. पुस्तक झालं नाही तर मी येते, असा शब्द तेजस्वीनेच देऊन ठेवला होता, तोही पुस्तक होणारच या तोऱ्यात. आता तो शब्द अंगाशी आला होता. तिला वाडी सोडायची नव्हती. मुंबईत गंगुबाई कुठून मिळणार?

म्हणून हा रविवार. आजच्या आज शेवट सापडायला हवा होता, आणि इथे सेनापती हटून बसलेला.

"आबा, खोटं खोटं करायचंय हो."

"खोटं खोटं पन नाय. उद्या पुस्तक छापलं की आख्ख्या रत्नागिरीत दिसेल, भागोजीनं हात वर केले. तो तलाठी फोटो कापून कपाटाला चिकटवील."

"आरे, पन तू शत्रू हायस!" नझीरचाचा मुखवटा कपाळावर सरकवून ओरडले. भागोजी आणि ते एका बाकावर बसून शिकलेले. आबांना अरेतुरे करणारे आता तेवढे एकच उरले होते. "शत्रू हरतो. हरायलाच लागतं त्याला."

"कोनी सांगितलं? माझ्याकडं कोट हाय, तोफा हायत, मानसं हायत. तुम्ही पाच जण, त्यातले तीन हा विनोद. मी का हरू?"

 खरं सांगायचं तर सावित्रीबाईंनी विचारलं ते हेच, आणि तेजस्वीला ते भागोजींच्या तोंडून ऐकून जास्तच झोंबलं.

इतक्यात नझीरचाचांची बायको, जन्नतचाची, केळीच्या पानात झाकून फणसाच्या रसाची गोड सांदणं घेऊन आली. युद्ध थांबलं. दोन्ही बाजूंचं सैन्य गडग्यावर बसून सांदणं खाऊ लागलं. सेनापतीने चार खाल्ली आणि पाचवं कोटाच्या खिशात टाकलं.

"आपण आधी धूर उरकू या," तेजस्वी शेवटी म्हणाली. निदान धुरात मुखवटे कसे दिसतात, ते तरी बघून घ्यावं. डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते तिने धुराच्या नावावर खपवायचं ठरवलं.

विनोदने अंगणाच्या कडेला पातेरा पेटवला. वाळकी पानं ती, भराभर जळू लागली. धूर काही होईना. तेव्हा या पठ्ठ्याने विहिरीवरून कळशी आणली आणि ओतली वरून. मग धूर झाला. असा झाला की फणस दिसेना, घर दिसेना, आणि समुद्रावरचा वारा नेमका तेव्हाच फिरून तो सगळा लोट अंगणात घेऊन आला. जो तो खोकू लागला. मुखवट्याने नाक झाकलं तर डोळे उघडेनात, आणि डोळे पुसायला मुखवटा काढावा तर नाकात धूर.

"धरला! धरला शत्रूला!" विनोद ओरडला.

"मेल्या, सोड! मी हाय!" हा गंगुबाईचा आवाज.

कोणीतरी खुर्चीवर आदळलं. कोणीतरी सांदणांच्या पानात पाय दिला, कारण जन्नतचाचीने वर्मी घाव बसल्यासारखी किंकाळी फोडली. तेजस्वी मोबाइल उराशी धरून जागच्या जागी फिरत होती. मागून एक मुखवटा आला नि गेला. तो आपला की त्यांचा, देव जाणे. सावित्रीबाईंचं अगदी खरं होतं. या धुरात कुणालाच काही कळलं नसतं.

आणि त्या धुरातून नझीरचाचांचा घाबरा, बसका आवाज आला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फणसाकडून विनोद म्हणाला. गडग्याकडून गंगुबाई म्हणाली. पडवीतून सोनूबाई म्हणाली, जिला अंगणात काय चाललंय याचा पत्ताही नव्हता. चुलीकडे पळालेली जन्नतचाची म्हणाली. तेजस्वी स्वतः म्हणाली आणि मग तिला कळलं की आपण म्हणालो. कोणी ठरवलं नव्हतं. गाऱ्हाण्याचा तो एक शब्द कानावर पडला की या वाडीत जन्मलेल्या माणसाच्या तोंडून पुढचा शब्द आपसूक निघतो. झोपेत म्हटलंत तरी निघेल.

तेजस्वी फिरायची थांबली. एवढ्या धुरात आता तिला नेमकं ठाऊक होतं, कोण कुठे उभं आहे. आपला कोण, ते विचारायची गरजच नव्हती.

वाऱ्याने धूर थोडा उचलला. समोर सेनापती उभा होता. टोपी पडलेली, बिल्ले वाकडे, डोळ्यांतून धारा. आणि त्याचे दोन्ही हात वर, कपाळाशी जोडलेले. चेहऱ्यावर राग नव्हता, तोरा नव्हता. देवळाच्या पायरीशी पोचलेल्या माणसाचा चेहरा होता तो. तेजस्वीने फोटो काढला. मग आणखी तीन काढले.

"नझीर!" भागोजी डोळे उघडत गरजले. "गाऱ्हाण्याची चेष्टा करतंस?"

"चेष्टा कसली! घाबरलो मी," चाचा खोकत म्हणाले. "कोन कुठं ते दिसंना. तोंडाला आलं ते बोललो. लहानपणी तुझ्या बाजूला नि आता तुझ्या मागं उभा राहून तेच ऐकतोय, दुसरं काय येणार?"

 भागोजींनी खिशातलं सांदण काढलं, अर्धं मोडून नझीरचाचांना दिलं.

"आबा," तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज आनंदाने चिरकत होता. "सापडलं! धुरात म्होरक्या हाक देतो. जो उत्तर देईल, तो आपला. हे शत्रूला कुठून येणार? आणि, आणि तुमचा सेनापती... तोही उत्तर देतो! कारण तो आपल्याच किनाऱ्याचा आहे. लहानपणी रागावून निघून गेलेला. त्याच्या तोंडून निघून जातं. त्याच्या मनात नसतं, तरी हात जोडले जातात."

भागोजींनी मोबाइल लांब धरून फोटो पाहिला. 

"हे हात वर नाय," ते म्हणाले. "जोडलेत."

"हो."

"मग शरण आला असं लिहायचं नाय."

"मग काय लिहू?"

भागोजींनी डोळे पुसले. धूर तर केव्हाच विरला होता. "घरी आला, असं लिही."

तेजस्वीने संध्याकाळपर्यंत धुराच्या पानांत ती हाक घातली आणि शेवटचं पान काढलं. खडककोटाच्या धुरात वाकड्या बिल्ल्यांचा एक म्हातारा सेनापती हात जोडून उभा, आणि खाली 'घरी आला' एवढीच अक्षरं. रात्रीच तिने ती पानं मोबाइलवरून पुण्याला धाडली.

सोमवारी दुपारी फोन वाजला तेव्हा ती छापखान्यात आंब्याला देठ काढत होती.

"अगं, काय सांगू," सावित्रीबाई हसत होत्या. "ते 'बा देवा म्हाराजा' आमच्या मुलांना कळेल का, म्हणून मी मोठ्याने वाचून बघितलं. तर पलीकडच्या खोलीतून आमचे मांडणी करणारे गृहस्थ काम करता करता म्हणाले, 'व्हय म्हाराजा!' मान वर नाही केली त्यांनी. किती वर्षं आमच्याकडे आहेत, पण तुमच्याच कोकणातले, संगमेश्वरचे आहेत हे मला आज कळलं. विचारलं तर लाजले. पुस्तक घेतलं मी तुझं, तेजस्वी. टीप-बीप काही देत नाही खाली."

तेजस्वीने आंब्याला देठाऐवजी दोन पानं काढली आणि सुट्टी टाकून रिक्षाने वाडी गाठली. रिक्षावाल्यालाही तिने वाटेत सगळी गोष्ट सांगितली. गडग्याशी उतरली तेव्हा घरी जाईपर्यंतसुद्धा दम निघेना. तिथूनच ती गळा फाडून ओरडली, "बा देवा म्हाराजा!"

घराघरांतून उत्तरं आली. विनोद अर्धवट दाढीने बाहेर धावला, नझीरचाचा हातातलं जाळं तसंच टाकून आले, जन्नतचाची हातातल्या पिठासकट आली, गंगुबाई टोपलीसकट. सगळ्यांच्या मागून, काठी आपटत भागोजी आले.

"काय गो, झालं पुस्तक?"

"झालं, आबा."

"मग असं अर्ध्यावर काय सोडतंस? गाऱ्हाणं सुरू केलं की पुरं करायचं असतं." भागोजींनी काठी विनोदकडे दिली, पंचा नीट केला आणि हात जोडले. वाडी त्यांच्या मागे उभी राहिली, नझीरचाचा नेहमीच्या जागी, उजव्या खांद्यामागे.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकीनं पुस्तक केलंय, तां घराघरांत जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिला हय सोडून खंय जायाची पाळी येऊ देऊ नको रे म्हाराजा!"

तेजस्वीला हुंदका आला, त्यामुळे तिचं 'व्हय' जरा उशिरा निघालं.

"आनि त्या पुस्तकात मी कोनाला शरण गेलो, असं जो कोन म्हनील, मग तो तलाठी का असंना, त्याला शेवटचं पान नीट वाचायची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी हसत हसत ओरडली, आणि सगळ्यात मोठा आवाज नझीरचाचांचा होता.