एक पोतं पेंढा

अमॉस टिडने घोड्यांची लीद खराट्याने कडेला लोटली, इकडेतिकडे पाहिलं आणि खालचा पेंढा भराभर पोत्यात कोंबला. समोरच्या घरची म्हातारी बाई आजारी होती. बग्ग्यांचा खडखडाट तिच्या कानी पडू नये म्हणून रस्त्यावर घोट्यापर्यंत पेंढा अंथरला होता. चाकांनी उधळलेला पेंढा परत जागेवर लोटायचं काम अमॉसचं. अकरा वर्षं लंडनच्या या नाक्यावर तोच झाडत होता.

"पोत्यात काय रे, टिड?" त्या घराच्या पायरीवरून बटलरने विचारलं.

"लीद, साहेब. बागेला घालतात."

"फार हलकी दिसते तुझी लीद. पुन्हा दिसली, तर या नाक्यावर दुसरा झाडेल."

अमॉस मान खाली घालून घराकडे निघाला. पोतं मात्र त्याने सोडलं नाही.

तापाने फणफणलेली हेस्टर तीन दिवस धड झोपली नव्हती. बायकोला झोप लागली तरच धडगत आहे, असं डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. रात्रभर तळमळून पहाटे कुठे तिचा डोळा लागायचा, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या सायलसची गाढवगाडी भाजीबाजाराला निघायची. बोळातल्या दगडांवर ती अशी आदळायची, की हेस्टर दचकून उठून बसायची.

संध्याकाळी अमॉसने खिडकीखालच्या दगडांवर पेंढा पसरला.

"राणीसाहेब उतरल्यात वाटतं तुझ्याकडे!" वरून एका शेजारणीने टोमणा मारला.

"उतरल्यात," अमॉस म्हणाला, आणि आत जाऊन हेस्टरला चमच्याने पेज भरवू लागला.

तो बाहेर आला तेव्हा सायलसचं गाढव शेवटची काडी चघळत होतं.

"सायलस! अरे, काय केलंस हे!"

"मी कुठे काय केलं? मला वाटलं, कुणीतरी टाकून दिलाय."

"हेस्टरसाठी होता तो. तुझ्याच गाडीपायी."

सायलसने टोपी काढून डोकं खाजवलं. "उद्या आण की पुन्हा."

"पुन्हा हात लावला तर नाका जाईल माझा."

सायलसने गाढवाला एक रट्टा दिला. 

पहाटे हेस्टरचा डोळा लागला. गाडी आली की तिचे कान झाकायचे, म्हणून अमॉस उशाशी हात उचलून बसून राहिला. चर्चचे पाच ठोके पडले. गाडी आली नाही. त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. बाजार चुकवील असा सायलस नव्हता. सव्वापाच झाले असतील. शेवटी त्याने हळूच दार उघडलं.

गाडी दारापाशीच होती, पण चाकांना गोणपाट गुंडाळलेलं होतं. गाढवाच्या चारही पायांत लोकरीचे मोजे होते, दोन करडे आणि दोन पट्ट्यापट्ट्यांचे. लगाम धरून सायलस एकेक पाऊल जपून टाकत होता. त्या गार दगडांवर तो अनवाणी होता.

"दार लाव, लेका," तो कुजबुजला. "तिला वारा लागेल."