कपाटावरचा कोंबडा

कपाटावरचा कोंबडा गुलाबी झाला होता. चिनीमातीचा, मुठीएवढा, हवामान सांगणारा कोंबडा. आमच्या सेआरा प्रांताच्या कोरड्या मुलखात असा एक घरोघरी असतो. हवा कोरडी असली की निळा, पाऊस जवळ आला की गुलाबी. त्या दुपारी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तरी कोंबडा गुलाबी होता.

त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. अख्खी गल्ली म्हाताऱ्या जोवेलिनाच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती आणि भिंतीवर टांगलेल्या जुवेनालच्या रंगवलेल्या चित्राकडे टक लावून पाहत होती.

जुवेनाल जोवेलिनाचा एकुलता एक मुलगा. सोन्याच्या खाणीवर गेलेला. मागच्या वर्षी त्याच्या सोबत्याने फोटो पाठवला: जुवेनाल शवपेटीत, डोळे मिटलेले. "झोपलाय," जोवेलिना म्हणाली, आणि चर्चमध्ये मृतांची मिस्सा, म्हणजे आत्म्याच्या शांतीची प्रार्थना, तिने सांगितलीच नाही. मिस्सा नाही म्हणून सून इवोनेत विधवा नाही. आणि विधवा नाही म्हणून तिला शहरात बहिणीकडे, शिवणाच्या कारखान्यात जायची मुभा नाही. नवरा आला तर दार कोण उघडणार?

मग अनिबाल आला आणि त्या फोटोवरून त्याने उघड्या डोळ्यांचा जुवेनाल रंगवला. फोटो मोठे करून रंगवणारे आमच्याकडे नेहमीच येतात. ज्याने जन्मात कोट घातला नाही त्याला कोट चढवतात, मेलेल्याचे डोळे उघडतात. यात फसवणूक नसते. चित्र घेणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. अनिबालने मात्र पुढची पायरी गाठली होती.

"ब्रश मी धरतो, रंगवतो आत्मा! माणूस जिवंत असेल तर गालांवर रक्त चढेल. मेला असेल तर निळेच राहतील. दारं लावा, खिडक्या लावा, आत्म्याला वारा सोसत नाही! आई, लेकाची कॉफी आणा!"

उकळत्या कॉफीचं पातेलं चित्राखाली स्टुलावर आलं. बायकांनी जपमाळ सुरू केली. निळसर गाल हळूहळू गुलाबी झाले.

"चढलं गं बाई, रक्त चढलं!" शेजारीण दाल्वा किंचाळली.

अनिबालने डोळे मिटले. "दिसतोय मला. घाम पुसतोय. पण पाय अनवाणी आहेत हो! जोड्यांपुरतं काहीतरी द्या."

"मागच्या खेपेला बकरी दिली होती," इवोनेत पुटपुटली.

"ती त्याच्या तापाच्या औषधाला गेली, पोरी," अनिबाल म्हणाला.

इवोनेतने कानातले काढून दिले.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पुढच्या बैठकीला माझ्या पपांचं रंगवलेलं चित्र घेऊन गेले आणि जुवेनालच्या शेजारी टांगलं. दारं लागली, कॉफी आली, जपमाळ सुरू झाली. दोघांचेही गाल गुलाबी झाले.

"दाल्वामावशी, माझ्या पपांना कोणी पुरलं?"

"हे काय विचारणं? आम्हीच की. माझ्या नवऱ्याने खांदा दिला."

"मग गाल बघा त्यांचे."

मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांनाही जोडे पाठवा मग!" एकजण हसला.

"सैतानाचं काम आहे हे!" अनिबाल ओरडला.

"कोबाल्टच्या मिठाचं आहे. शाळेतून आणून काल मीच पपांच्या गालांना लावलं. तुम्ही जुवेनालला लावलंत. कोंबडा बनवणारा कोंबड्याला लावतो. कोरडं असलं की निळं, दमट झालं की गुलाबी. बंद खोलीत इतके श्वास आणि खाली कॉफीची वाफ. आत्म्याला करायला काही उरलंच नाही."

मी कॉफी उचलून दारं-खिडक्या उघडल्या. रणरणता वारा आत आला. कोणी उठलं नाही. हळूहळू तिघंही निळे झाले: पपा, जुवेनाल आणि कोंबडा. सगळे तिकडे पाहत असताना अनिबाल मागच्या दाराने निघून गेला. कानातले त्याच्या खिशातच होते.

राग मात्र माझ्यावर निघाला. "तुझं काय जात होतं गं?" दाल्वा म्हणाली. "तेवढाच आधार होता म्हातारीला."

"आधाराने तिची बकरी नेली, सुनेचे कानातले नेले. उद्या घर नेलं असतं. मावशी, मी कोणाला देव सोडा म्हणत नाही. चमत्कार दाखवणारा दारं लावायला सांगेल, तेव्हा दारं उघडून पुन्हा बघा, एवढंच म्हणते. खरं असेल ते वाऱ्यातही टिकेल."

दाल्वाने जपमाळ गुंडाळली आणि माझ्याकडे न पाहता गेली. बाकीचेही पांगले.

जोवेलिना जागची हलली नव्हती. तिने एप्रनच्या खिशातून शवपेटीचा फोटो काढला. कडा मऊ पडल्या होत्या. रोज कोणीतरी तो हाताळत होतं. भिंतीवरचे उघडे डोळे तिने पाहिले, मग हातातले मिटलेले. बोटाने तिने त्या पापण्यांवरची धूळ पुसली.

"इवोनेत," ती म्हणाली, "फादरना सांगून ये. जुवेनालची मिस्सा. मृतांची. आणि मग तू शहरात जा."